कार्यालयीन वेळेतलं भूत

"साडेदहाला येतं," तिरोडकर घड्याळ बघत म्हणाले. "दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे होतात. सरकारी आहे."

मिनीबसमधून उतरलेली सोळा माणसं खाडीकाठी, भर उन्हात, एका पडक्या चौकीच्या खिडकीसमोर रांग लावून उभी राहिली. रांग लावा असं कुणी सांगितलं नव्हतं. खिडकी दिसली की आपला माणूस रांग लावतो. आत कारकून असो की त्याचं भूत असो.

रांगेत शेवटी मी होतो. माझ्या गळ्यात झेंडूचा हार होता, कारण हे भूत माझं होतं.

"एडिंबरोला आम्हाला तळघरात उभं केलं होतं," माझ्या पुढच्या बर्वेबाई मागे वळून म्हणाल्या. "काळोख, ओल, आणि वर पाऊण तास बोलायचं नाही. दिसलं काहीच नाही, ह्यांची कंबर मात्र धरली. त्यापेक्षा हे बरं. उजेडात आहे, बाजूला चहा आहे."

"आणि मराठी आहे," बर्वे म्हणाले.

"हो, ते एक आहेच. काही बोललं तर कळेल तरी."

ही गोष्ट १९९१ च्या मार्चमधली. त्याच्या दोन वर्षं आधी एका दिवाळी अंकासाठी मी 'जगातली दहा झपाटलेली ठिकाणं' असा लेख लिहिला होता. त्यातलं एकही ठिकाण मी पाहिलं नव्हतं. वाचनालयातली परदेशी मासिकं समोर ठेवून स्कॉटलंडची तळघरं, रुमानियातला किल्ला, मेक्सिकोतलं झाडाझाडाला बाहुल्या टांगलेलं बेट, पॅरिसच्या पोटातली हाडांची भुयारं अशी नऊ ठिकाणं मी बसल्या जागी फिरून आलो. दहावं काही मिळेना. संपादकांना म्हटलं, नऊच घ्या. ते म्हणाले, "नवाचा मथळा होत नाही. आणि सगळी परदेशीच? आपल्याकडे कुणी मेलंच नाही का?"

मग मी एक भूत तयार केलं. कोकणातल्या कातळवेळ गावात खाडीवर पूर्वी तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालायची. पुढे वरच्या अंगाला पूल झाला आणि तर बंद पडली. एवढं खरं होतं. पुढचं माझं. तरीच्या चौकीत तिकिटं फाडणारा कारकून मेल्यावरही कामावर येतो, असं मी लिहिलं. साडेदहा ते साडेपाच. मध्ये जेवणाची सुट्टी. रविवारी आणि दुसऱ्या शनिवारी दिसत नाही. खिडकीशी गेलं तर एवढंच म्हणतो, "तर आत्ताच सुटली."

हा विनोद आहे हे शाळेतल्या पोरालाही कळेल, अशी माझी समजूत होती. चाळीस वर्षं लिहून वाचकांबद्दल माझ्या ज्या समजुती चुकीच्या ठरल्या, त्यांत ही पहिली धरावी. पहिल्याच महिन्यात तिघांनी कळवलं की आम्ही जाऊन आलो, भूत दिसलं. चौथ्याची तक्रार होती की भूत दीड वाजताच जेवायला गेलं, अडीचपर्यंत परत आलं नाही. मग प्रवासी कंपनीवाले तिरोडकर उतरले. जगातली भयस्थळं दाखवायची त्यांची योजना होती. सुरुवात देशी मालापासून. त्या सहलीचा सन्माननीय पाहुणा म्हणून मला त्यांनी पुढच्या सीटवर बसवून आणलं होतं.

"बाही!" बर्वेबाई एकदम ओरडल्या. "पांढरी बाही! खिडकीत!"

रांग हलली. कुणीतरी कॅमेरा काढला. खिडकीच्या तुटक्या झडपेत एक पांढरा कागद फडफडत होता. तो मला स्वच्छ दिसत होता, पण गळ्यात हार असताना मी काय बोलणार?

"निमकर तुम्हीच ना?"

आवाज पाठीमागून आला. चाळिशीच्या आतबाहेरच्या एक बाई उभ्या होत्या. ठसठशीत कुंकू, दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. काखेत तो दिवाळी अंक. मला त्या पवित्र्याची सवय होती.

"मीच. सही करू का?"

"नको."

त्यांनी अंक उघडला. नेमकं पान आपोआप उघडलं, इतक्यांदा ते उघडलं गेलं होतं. एका ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. 'छत्री पाठीमागे सदऱ्याच्या कॉलरला अडकवलेली, आणि तिकीट फाडण्यापूर्वी बोटांवर एक फुंकर.'

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. सुचलं."

"सुचलं," त्या म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "ह्यांच्या बोटांना घाम यायचा. तिकीट चिकटायचं, म्हणून फुंकर मारायचे. आणि छत्रीनं कॉलर फाटायची. तीन सदऱ्यांच्या कॉलरी मी शिवल्यात. तुम्हाला हे सुचलं?"

मी गळ्यातला हार काढला. तो ठेवायला जागा मिळेना, म्हणून हातात धरून राहिलो.

त्यांचं नाव लीलावती वायंगणकर. गावात बालवाडी चालवायच्या, म्हणून माझ्याशी पुस्तकातल्यासारखं मराठी बोलत होत्या. त्यांचे यजमान दत्ताराम वायंगणकर याच चौकीत तिकिटं फाडायचे. सात वर्षांपूर्वी, सोळा फेब्रुवारीला सकाळी ते घरून निघाले. चौकीवर पोचले नाहीत. खाडीत काही मिळालं नाही, रानात काही मिळालं नाही. पोलिसांनी एक कागद लिहून घेतला आणि ठेवून दिला.

"रोज निघताना 'जातो' म्हणायचे," त्या म्हणाल्या. "घरातून निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं, हे मी त्यांना अकरा वर्षं सांगितलं. मी भांडले, रुसले. दारात हात आडवा धरून उभी राहायची, पुन्हा म्हणा म्हणून. हसायचे आणि 'जातो'च म्हणायचे. त्या दिवशी तेवढं 'येतो' म्हणाले. मी न सांगता. येणार नसते तर तसं म्हणाले नसते ना?"

मी मान डोलावली. मान डोलवायला काही लागत नाही.

"हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघायची असते. तोवर त्याला जिवंत धरतात. मला कुणी काही बोलू शकत नव्हतं. सात झाली होती, पाच उरली होती. तुम्ही भूत काढलंत. भूत दिसलं म्हणजे माणूस मेला. मेल्यावर वाट कसली बघायची? गावानं ठरवलं, क्रिया करून टाकावी, जीव अडकलाय बिचाऱ्याचा. आज नऊ वाजता भटजी यायचे होते. आले असतील."

"आज?"

"आज." हात त्यांनी किंचित वर केले. "काल मुद्दाम जाऊन नव्या भरल्या. दुपारी फोडायला सांगतील."

उन्हात उभं राहून मला थंडी वाजली. माझ्या लेखात मी ती लिहायला विसरलो होतो.

"मी काय करू, सांगा."

"खोटं आहे म्हणून सांगा."

"सांगतो."

"सगळ्यांसमोर."

"सगळ्यांसमोर सांगतो. तेवढंच ना?"

मला खरोखर वाटलं होतं, तेवढंच आहे.

चौकीच्या पलीकडे, सुरूच्या झाडाखाली, चहाची टपरी होती. तिथून पन्नास पावलांवर खाडीच्या रेतीत भटजी बसले होते आणि त्यांच्यासमोर आडवा पडलेला होता एक माणूस. पळसाच्या देठांचा. माणूस हरवून मेला की त्याचा असा पुतळा करतात. तीनशे साठ देठ लागतात, आणि कपाळाला किती, छातीला किती, मांड्यांना किती याचं ठरलेलं माप असतं. डोकं आणि छाती झाली होती. भटजी डावा हात बांधत होते. गावातली पंचवीस-तीस माणसं भोवती उभी होती. मुंडण केलेला एकजण उघड्या अंगानं, ओल्या पंच्यात, चुलीवरचं आधण बघत होता. क्रियेला बसलेला माणूस चहा उकळतोय, हे मी पहिल्यांदाच पाहात होतो.

"हे माझे दीर," लीलावतीबाई म्हणाल्या. "बाबलभावोजी. आलेल्या माणसाला चहा दिल्याशिवाय त्यांना राहवत नाही."

बाबल वायंगणकरनं ओले हात पंच्याला पुसले आणि वाकून मला नमस्कार केला. हे मला अपेक्षित नव्हतं.

"तुमीच ता लिवलास?" तो म्हणाला. "तुमचे उपकार झाले, सायबानू. नायतर माका कळला नसता, दादा हयच असा म्हणान. सात वर्सा मी गोयापासून मुंबयपर्यंत बघलंय. आणि तो थंय, माझ्या डोळ्यांम्होरं."

त्यानं चौकीकडे हात केला.

"तुम्हाला दिसले ते?"

"नाय." त्यानं मान खाली घातली. "भायरच्या लोकांक दिसतत. माका दिसना नाय. म्हणान तर ही टपरी हय घातलंय. धा वाजल्यापासून साडेपाचपर्यंत हयच बसतंय. खिडकीकडे तोंड करून. कधीतरी माझ्याकडे बघीत." मग आवाज खाली आणून, "उनात उभो आसा ओ. लोक पैसे देवन बघूक येतत. माझो थोरलो भाव. बघवत नाय."

मी तयारी केली होती ती निराळ्या माणसाची. भावजयीच्या वाईटावर असलेला, जमिनीवर डोळा असलेला दीर समोर येईल, त्याला दोन शब्द सुनवायचे, असं काहीसं मनात होतं. तिथे हा उभा.

तेवढ्यात भुताची यायची वेळ टळली म्हणून आमची सोळा माणसं चहाला आली. म्हणजे सगळेच जमले. मी रेतीत, पुतळ्यापासून जरा लांब उभा राहिलो आणि म्हणालो, "मंडळी, मला एक सांगायचंय. हे भूत खोटं आहे. मी बनवलेलं आहे. मला लेखात दहावं ठिकाण हवं होतं, म्हणून मी ते लिहिलं. या चौकीत कुणीही येत नाही. कधीच आलं नाही."

मग बर्वे हसले. त्यांच्यामागे सोळाच्या सोळा हसले. तिरोडकरांनी टाळ्या वाजवल्या.

"निमकर साहेब! चेहरा बघा, चेहरा! एक रेष हलत नाही!"

"मी विनोद करत नाहीये."

त्यावर आणखी मोठा हशा झाला. बर्वेबाईंनी डोळे पुसले. "अहो, आणि मग मला बाही दिसली ती कुणाची?"

"कागद होता तो."

"कागद!" त्या नवऱ्याच्या खांद्यावर कोसळल्या.

वीस-पंचवीस वर्षं मी गंभीर चेहऱ्यानं खोटं बोललो होतो आणि लोकांनी त्याला दाद दिली होती. आता त्याच चेहऱ्यानं खरं सांगत होतो. दुसरा चेहरा माझ्याकडे नव्हता. मी लीलावतीबाईंकडे पाहिलं. त्या हसणाऱ्यांकडे बघत नव्हत्या. भटजींच्या हातांकडे बघत होत्या. पुतळ्याचा उजवा हात बांधून होत आला होता.

हसला नाही तो फक्त बाबल.

"सायबानू, तुमी इनोदी लिवतास, माका म्हायत असा," तो हळूच म्हणाला. "पण ह्येच्यात इनोद नको. तुमी म्हणतास बनवलंय. मग छत्री? ती दादाच तशी लावी. आणि फुंकर? ती तुमका कशी म्हायत?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझी नजर त्या खिडकीकडे गेली. इतका वेळ मी तिच्याकडे सोळा माणसांच्या डोक्यांवरून पाहिलं होतं. आता मध्ये कुणी नव्हतं. खिडकी, तिच्या खालचा घासून गुळगुळीत झालेला दगड, बाजूचं बाकडं.

बाकडं पाहिलं आणि मला ते सगळं आठवलं.

मी इथे आलो होतो. पूल व्हायच्या आधी, कुणाच्या तरी लग्नाला पलीकडच्या गावी जाताना. खिडकीत एक सडपातळ माणूस होता. मानेमागे छत्री. मला म्हणाला, "तर आत्ताच सुटली. बसा." मग स्वतःही बाहेर येऊन बाकड्यावर बसला आणि तर परत येईपर्यंत आम्ही पाऊण तास गप्पा मारल्या. भुताच्या तोंडी घातलेलं वाक्यसुद्धा माझं नव्हतं. मी त्या माणसाला उचललं होतं, विसरलो होतो, आणि पाच वर्षांनी मला तो सुचला होता.

आम्ही काय बोललो होतो, तेही आठवलं.

"सांगा मा," बाबल म्हणाला. "कशी म्हायत?"

"भेटलोय मी त्यांना," मी म्हणालो.

लीलावतीबाईंची मान वळली.

"कधी?"

खरं उत्तर होतं, ते गेले त्याच वर्षी. मी भटजींकडे पाहिलं. त्यांनी पुतळ्याच्या पायांचे देठ हाती घेतले होते.

"मागच्या वर्षी," मी म्हणालो. "पावसाळ्यानंतर."

आता कुणी हसलं नाही.

"लेखानंतर?" तिरोडकरांनी विचारलं.

"लेखानंतर. म्हणूनच सांगतोय की भूत खोटं आहे. माणूस जिवंत आहे. कारवारच्या खालच्या अंगाला एक नदी लागते, तिच्यावर तर आहे. तिथे. तिकिटं फाडत होते. छत्री कॉलरला. मी ओळखलं."

"नाव काय सांगल्यानी?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"मी नाव विचारलं नाही. गाव विचारलं. म्हणाले, कातळवेळ."

इतकं सरळ खोटं मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. त्यात एकही विनोद नव्हता. गर्दीत कुजबुज झाली. एक म्हातारी दोन्ही हात जोडून खाडीकडे वळली. बाबल माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या हातात गाळणी होती, ती त्यानं खाली ठेवली.

"बरो होतो?"

"बरे होते."

"काय बोललो?"

"फारसं नाही. कामात होते. आम्ही बाजूच्या टपरीवर बसलो, चहा घेतला."

"चाय?" बाबल म्हणाला. "दादान चाय घेतल्यान?"

"दोन कप."

बाबलनं आपल्या चुलीवरच्या आधणाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. चहा उतू जायला आला तरी त्यानं तो उतरवला नाही. दुसऱ्या कुणीतरी पुढे होऊन उतरवला. मग त्यानं भावजयीकडे पाहिलं. त्या सरळ उभ्या होत्या, बांगड्यांवर एक हात घट्ट धरून.

"भटजीनू," तो म्हणाला, "आज नको."

"अरे, पण मुंडण झालं तुझं."

"केस येतले परत. सोडा तो पुतळो."

भटजी पंचाईतीत पडले. "बांधायचा विधी मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "सोडायचा कुठे सांगितलाय ते बघावं लागेल." पण हात त्यांनी आवरते घेतले. कमरेपर्यंत झालेला तो देठांचा माणूस रेतीत तसाच पडून राहिला.

मिनीबस निघताना लीलावतीबाई माझ्या खिडकीशी आल्या.

"तब्येत कशी होती?"

"चांगली होती."

"केस पिकले असतील."

"थोडे. कानांजवळ."

"कानांजवळ," त्यांनी मान हलवली. "ह्यांच्या वडिलांचेही तिथेच आधी पिकले होते." एवढं बोलून त्या बाजूला झाल्या. बांगड्या शाबूत होत्या. बस वळेपर्यंत मला त्या ऐकू येत होत्या.

परत आल्यावर मी खुलासा छापला. कातळवेळचं भूत मी रचलेलं आहे, वाचकांनी कृपया तिथे जाऊ नये, अशा चारच ओळी, कुठलीही कोटी न करता. वर्षातला सर्वोत्तम विनोद म्हणून वाचकांची पत्रं आली. तिरोडकरांनाही भूत बंद ठेवणं परवडेना. मूळ कारकून जिवंत निघाला म्हणताच त्यांनी जाहीर केलं की त्या जागेवर बदलीनं दुसरं आलंय. गर्दी उलट वाढली.

मी मात्र मनातून खूश होतो, हे कबूल करतो. कुणाला कळलं नाही तरी माझं एक खोटं कामाला आलं होतं. माणसं खरं मानत नाहीत, पण नीट सांगितलेलं खोटं मानतात, असं मी दोन-तीन सभांमधून, नावगाव न घेता, ऐकवलंही. त्यावर लोक हसायचे.

पाच वर्षांनी, १९९६ च्या मार्चमध्ये, एक अंतर्देशीय पत्र आलं. बालवाडीच्या बाईंचं अक्षर, प्रत्येक अक्षर सुटं.

'श्री. निमकर यांस सा. न. वि. वि.

सोळा फेब्रुवारीला बारा वर्षं पूर्ण झाली. मी स्वतः भटजींना बोलावणं धाडलं आणि क्रिया करून घेतली. देठ भावोजींनी रानातून आणले आणि स्वतः मोजून दिले. मला कुणी काही करायला सांगितलं नाही. बांगड्या मी माझ्या हातानं उतरवल्या, फोडल्या नाहीत.

तुम्हाला कळवावं असं वाटलं, कारण ही पाच वर्षं तुम्ही दिलीत. तुम्ही ह्यांना भेटला नव्हता, हे मला तेव्हाच कळलं होतं. ह्यांनी जन्मात चहा घेतला नाही. चहाच्या वासानं ह्यांचं डोकं उठायचं. घरात कधी चहा झाला नाही. भावोजींची टपरी हे गेल्यानंतरची. म्हणजे भावोजींनाही कळलं होतं. आम्ही दोघं त्यावर एकमेकांशी कधी बोललो नाही. गावातल्या आणखी दोघा-चौघांना कळलं असेल. तेही बोलले नाहीत. केसांचं मी विचारलं ते नुसतं ऐकायला बरं वाटेल म्हणून.

पण छत्रीचं आणि फुंकरीचं तुम्हाला ठाऊक होतं. म्हणजे कधीतरी खरे भेटला असाल. आमची तर चालू असताना, ते इथे असताना. त्या दिवशी बाकड्याकडे बघून तुमचा चेहरा कसा झाला, ते मी पाहिलं आहे. तेव्हा विचारलं नाही. आता विचारते. काय बोलले होते? माझ्यापाशी ठेवीन. जे असेल ते कळवावं.

लीलावती दत्ताराम वायंगणकर'

वाचकांच्या प्रत्येक पत्राला उत्तर द्यायचं, हा माझा नियम होता. शिव्यांच्या पत्रालाही मी चार ओळी लिहायचो. या पत्रासाठी कार्ड घेतलं, पत्ता लिहिला. मग जुन्या डायऱ्या काढल्या, कारण तारीख नक्की नव्हती. तारीख मिळाली. तेरा फेब्रुवारी १९८४. एकच ओळ होती: 'कातळवेळ तर. कारकून फार मजेशीर.'

ते कार्ड अजून माझ्या खणात आहे. पत्ता लिहिलेला आहे. बाई आता सत्तरीच्या पुढे असतील, असतील तर. मी ब्याऐंशीचा आहे. पत्ता तर लिहून झाला आहे, मजकूर लिहायला पाच मिनिटं लागतील, असं मी अठ्ठावीस वर्षं म्हणतो आहे.

मजकूर असा आहे.

आम्ही बाकड्यावर बसलो होतो. खाडी भरलेली होती. तर पलीकडच्या काठाला लागलेली दिसत होती, काडीएवढी. ते म्हणाले, "अकरा वर्षं मी लोकांना पलीकडे पाठवतोय. एक दिवस पहिल्या फेरीला मीच बसणार. तिकडे उतरायचं आणि चालायला लागायचं."

मला गंमत वाटली. म्हटलं, "कुठवर?"

"जिथं कुणी ओळखणार नाही तिथवर."

"मग अडलंय कुठे?"

"दारात," ते म्हणाले. "निघताना 'जातो' म्हटलं की बायको हात आडवा धरते. रोज. तो हात बघितला की पाय निघत नाही."

ते हसत नव्हते. पण मीही विनोद सांगताना हसत नाही, त्यामुळे त्यात मला काही वेगळं दिसलं नाही. उलट वाटलं, हा आपल्यातलाच आहे. अशा माणसाला तोडीस तोड उत्तर दिलं पाहिजे.

"मग सोपं आहे," मी म्हणालो. "'येतो' म्हणा आणि जा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पहिल्यांदा हसले. तर परत काठाला लागत होती. ते उठले, चौकीत गेले, खिडकीशी आले. बोटांवर फुंकर मारली आणि माझं तिकीट फाडून दिलं.